हार्ड डिस्क काढल्यावर पीसी बूट होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

जुनी १ टीबीची हार्ड डिस्क खरखर करायला लागली, किंवा नुसतीच जागा अडवून बसली होती, म्हणून काढली. विंडोज एसएसडीवर, फाइल्सचा बॅकअप झालेला, मग हरकत कसली? आणि बटण दाबलं की काळ्या स्क्रीनवर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. एचपीच्या लॅपटॉपवर हेच ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ आणि सोबत ३एफ० असा कोड. डबा घेऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर बऱ्याच काउंटरवर ठरलेलं उत्तर मिळतं: "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल." दुकानदाराला ते सोयीचं आहे, त्याचं काम तासाभरात संपतं. तुम्हाला मात्र टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, डीटीपीचे जुने मराठी फाँट आणि त्यांचे कीबोर्ड लेआउट हे सगळं पुन्हा बसवत बसावं लागतं. आणि गंमत म्हणजे ते सगळं एसएसडीवर शाबूत असतं. गेलेलं असतं ते साधारण १०० एमबीचं एक पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा एक वेगळा कप्पा.

विंडोजला हाक मारून उठवणारा बूटलोडर बहुतेक मशीनवर सी ड्राइव्हमध्ये नसतोच. यूईएफआय (बोर्डावरच्या ‘बायोस’ या सुरुवातीच्या प्रोग्रॅमची नवी पद्धत) मशीनवर तो ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ नावाच्या छोट्या, एफएटी३२ फॉरमॅटच्या पार्टिशनमध्ये बसतो. जुन्या लेगसी पद्धतीत ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’मध्ये. विंडोज टाकताना मशीनला दुसरी डिस्क जोडलेली असेल आणि तिच्यावर असं पार्टिशन आधीपासून असेल, तर सेटअप नवीन बनवायच्या भानगडीत सहसा पडत नाही, तेच वापरतो. आता आपल्याकडे एसएसडी कशी बसवली जाते ते आठवा. जुनी हार्ड डिस्क आत तशीच, शेजारी नवी एसएसडी, त्यावर विंडोज टाकलं, मग हार्ड डिस्कवरचा जुना सी ड्राइव्ह फॉरमॅट करून त्याचा डी केला. मोठा ड्राइव्ह पुसला गेला, पण त्याच्या आधीचं ते छोटं पार्टिशन तसंच राहिलं, आणि पुढची काही वर्षं मशीन रोज त्याच्यावरूनच सुरू होत राहिलं. ती डिस्क काढली की एसएसडीवर विंडोज आहे, पण त्याच्यापर्यंत पोचवणारं कोणी नाही.

मात्र आधी हे नक्की करा की बिघाड खरंच बूटचा आहे. एकही डिस्क नसलेला पीसीसुद्धा बायोसच्या स्क्रीनपर्यंत आलाच पाहिजे. डिस्क काढल्यावर मॉनिटरवर काहीच येत नसेल, लोगोसुद्धा नाही, तर पार्टिशनशी त्याचा संबंध नाही. काढताना हात कुठेतरी लागलाय. छोट्या कॅबिनेटमध्ये डिस्कचा पिंजरा रॅमच्या अगदी जवळ असतो. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलके पुसा, चुरा झटका आणि दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबा. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, वर्षानुवर्षं न हललेली पट्टी एकदा हलली की संपर्क सोडते. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा नावांचे छोटे दिवे असतील तर कुठला पेटून राहतो ते बघा. ‘बूट’चा पेटला तरच खाली लिहिलेलं तुमच्यासाठी आहे. आणि पट्टी काढता-घालताना वायर भिंतीतून काढलेली हवी. वायर काढल्यावर पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा, म्हणजे एसएमपीएसमध्ये (पॉवर सप्लायमध्ये) उरलेली वीज निघून जाते.

दिसतंय सगळं, पण बूट होत नाही? मग सगळ्यात स्वस्त चाचणी: काढलेली डिस्क परत जोडा. मशीन पूर्वीसारखं सुरू झालं तर निदान जवळपास झालं, बूटलोडर तिच्यावर आहे. डिस्क आत बसवायचा कंटाळा असेल तर यूएसबी एन्क्लोजरमध्ये घालून जोडा आणि बूट मेन्यूतून तिची निवड करा; बहुतेक वेळा एसएसडीवरचं विंडोज तिच्यावरच्या बूटलोडरने उठतं. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते, साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलं एन्क्लोजर लागतं, हे विकत घेताना विसरू नका.

डिस्क परत जोडूनही सुरू होत नसेल तर बायोसमध्ये जा. गिगाबाइट, एमएसआय आणि असूसच्या बोर्डांवर डिलीट, डेल आणि एसरला एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपना एफ२. नुसता बूट मेन्यू हवा असेल तर डेल, एसर, लेनोवो आणि गिगाबाइटवर एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआयवर एफ११, असूसच्या डेस्कटॉप बोर्डावर एफ८. तिथे एसएसडीचं नाव दिसतंय का? दिसत नसेल तर सात पिनांची साटा डेटा केबल आणि पंधरा पिनांची पॉवर केबल दोन्ही काढून पुन्हा लावा. हार्ड डिस्कची केबल ओढताना शेजारची एसएसडीची अर्धवट निघते, आणि खटका नसलेल्या स्वस्त केबलमध्ये ते बाहेरून कळतही नाही. एम.२ एसएसडी (थेट बोर्डात बसणारी पट्टी) असेल तर बोर्डाचं मॅन्युअल काढा. कित्येक बोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एक-दोन साटा पोर्ट एकाच लाइनवर असतात. एक वापरलं की दुसरं बंद. त्यामुळे केबलची जागा बदलली की डिस्क ‘गायब’ होते.

नाव दिसतंय, पण मशीन ‘स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४’ असं काहीतरी दाखवत मिनिटभर अडकतं, असं असेल तर बायोसला डिस्कवर बूटलोडर सापडला नाही आणि ते नेटवर्कवर शोधायला गेलंय. जुन्या मशीनवर इथे ‘पीएक्सई-ई६१, मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल’ येतं. त्यातली केबल म्हणजे नेटवर्कची केबल. लोक उगाच साटा केबल बदलत बसतात. नेटवर्क बूट बंद करून टाका, घरी त्याचा काही उपयोग नाही.

सेकंडहँड बाजारात कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स भरपूर मिळतात. त्यांच्यावर डिस्क काढली की दरवेळी ‘हार्ड ड्राइव्ह नॉट फाउंड’ आणि एफ१ दाबा, असा निरोप येतो. एफ१ दाबल्यावर विंडोज नीट सुरू होत असेल तर हा बिघाडच नाही. बायोसमध्ये ड्राइव्हजच्या यादीत रिकाम्या पोर्टासमोरची खूण काढा, निरोप थांबेल.

आता मुख्य दुरुस्ती. तिच्याआधी एक प्रश्न: सी ड्राइव्ह बिटलॉकरने किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ने कुलूपबंद आहे का? विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नवीन इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे आपोआप सुरू होतं, आणि कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. बूटच्या मार्गात बदल झाला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर डिव्हाइसच्या माहितीत सापडते. मोबाइलवरून आधी ती काढून कागदावर लिहून घ्या. की मिळाली नाही तर इथेच थांबा.

जुनी डिस्क धडधाकट असेल तर ती जोडून विंडोज सुरू करा आणि कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. पेनड्राइव्हची गरजच नाही. डिस्क मेलेली असेल तर दुसऱ्या कुणाच्या पीसीवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा सेटअप बनवा (पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं). त्यावरून बूट करा, भाषेची पहिली खिडकी आली की शिफ्ट आणि एफ१० दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावं लागतं. काळी खिडकी उघडेल. ‘इन्स्टॉल’वर अजिबात जायचं नाही.

पुढच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत करायच्या.

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
लिस्ट व्हॉल्यूम

‘लिस्ट डिस्क’मध्ये एसएसडी तिच्या आकारावरून ओळखा आणि शेवटच्या ‘जीपीटी’च्या रकान्यात तारा आहे का बघा. तारा असेल तर डिस्क यूईएफआय पद्धतीची, नसेल तर एमबीआर, म्हणजे जुन्या लेगसी पद्धतीची. दोघींचे मार्ग वेगळे. ‘लिस्ट व्हॉल्यूम’मध्ये विंडोजचा व्हॉल्यूम शोधा. पेनड्राइव्हवरून आलात तर त्याचं अक्षर सी असेलच असं नाही, डी किंवा ई पण असतं. चुकीच्या अक्षरावर आज्ञा चालवणं ही इथली सगळ्यात नेहमीची चूक आहे. म्हणून डिस्कपार्टमधून बाहेर येऊन ‘डीआयआर सी:’ करा. यादीत विंडोज, यूजर्स आणि प्रोग्रॅम फाइल्स दिसले तर तोच. खाली तो सी आहे आणि व्हॉल्यूम यादीत २ क्रमांकावर आहे असं धरलंय, तुमचे आकडे आणि अक्षरं तुमच्या यादीप्रमाणे घाला.

जीपीटी डिस्कसाठी सी ड्राइव्हच्या शेपटाकडून ३०० एमबी कापून घ्यायचे आणि तिथे नवं पार्टिशन बनवायचं. डिस्कपार्ट पुन्हा सुरू करून:

सिलेक्ट व्हॉल्यूम २
श्रिंक डिझायर्ड=३००
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०
फॉरमॅट क्विक एफएस=एफएटी३२ लेबल=सिस्टिम
असाइन लेटर=एस
एक्झिट

१०० एमबीसुद्धा पुरतात. पण ४के सेक्टरच्या डिस्कवर एफएटी३२ ला किमान २६० लागतात, आणि पुढे कधी शेजारी लिनक्स टाकलंत तर जागा अपुरी पडायला नको. एस हे अक्षर आधीच कुणी घेतलं असेल तर दुसरं द्या. आता या सगळ्याचा गाभा असलेली आज्ञा:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’ असं उत्तर आलं की झालं. ही आज्ञा बूटच्या फाइल्स नव्या पार्टिशनवर टाकते. पेनड्राइव्ह काढा, जुनी डिस्क जोडलेली असेल तर मशीन बंद करून तीही काढा, आणि बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर किंवा एसएसडीचं नाव यादीच्या वर आहे ना ते बघा.

इंटरनेटवर या जागी सगळीकडे ‘बूटरेक /फिक्सबूट’ सांगतात. यूईएफआय मशीनवर ती आज्ञा बहुधा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणते आणि माणूस तिच्यामागे तासन् तास घालवतो. ज्या डिस्कवर बूट पार्टिशनच नाही, तिथे दुरुस्त काय करणार? ‘स्टार्टअप रिपेअर’चंही तेच: मोडलेली नोंद सांधण्यात ते चांगलं आहे, पण पार्टिशन कापून नवं उभं करण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

एमबीआर डिस्क असेल तर वेगळं पार्टिशन लागत नाही, सी ड्राइव्हलाच ‘ॲक्टिव्ह’ करून बूटलोडर तिथेच ठेवता येतो. डिस्कपार्टमध्ये आधी एसएसडी निवडा, मग ‘लिस्ट पार्टिशन’मधून विंडोजचं पार्टिशन निवडून ‘ॲक्टिव्ह’ असा एकच शब्द द्या. हा शब्द चुकूनही डेटाच्या पार्टिशनवर नको. बाहेर येऊन:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी: /एफ बायोस
बूटसेक्ट /एनटी६० सी: /एमबीआर

बूटसेक्ट सापडत नाही असं म्हटलं तर ते पेनड्राइव्हवरच्या ‘बूट’ फोल्डरमध्ये असतं, तिथून चालवा. मशीन यूईएफआयचं असूनही डिस्क एमबीआर राहिली असेल तर विंडोज एकदा सुरू झाल्यावर ‘एमबीआर२जीपीटी’ हे विंडोजमधलंच साधन (विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आहे) डेटा न पुसता डिस्क बदलून देतं आणि ईएफआय पार्टिशनही स्वतः बनवतं. आधी /व्हॅलिडेट लावून तपासा, चालू विंडोजमधून चालवताना /अलाउफुलओएस जोडा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. बदल झाल्यावर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या लेगसी बूटची सोय) बंद करून यूईएफआय करायला विसरलात तर मशीन पुन्हा ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणेल.

बूटलोडर जागेवर आहे, विंडोजचा लोगो येतो, गोल गोल फिरतं आणि निळी स्क्रीन: ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. हा वेगळा आजार. डिस्क काढण्याच्या गडबडीत बायोस रीसेट झालेला असतो, बहुतेक वेळा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल म्हातारा झाल्यामुळे: वायर काढली आणि सेटिंग विसरलं. तारीख, वेळ मागे गेलीय का बघा, तीच खूण. सेल बदला (३ व्होल्टचा, सपाट बाजू वर) आणि साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) पूर्वी होता तो करा. विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असेल आणि बायोस आता रेड किंवा इंटेल आरएसटी दाखवत असेल, किंवा उलट, तर हीच स्क्रीन येते. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर हेच व्हीएमडी या नावाने असतं. आधी काय होतं आठवत नसेल तर दोन्ही लावून बघा, नुसतं बघण्याने डेटाला धक्का लागत नाही.

२०१८ च्या आसपासच्या काही लॅपटॉपमध्ये १ टीबीच्या हार्ड डिस्कसोबत १६ जीबीची इंटेल ऑप्टेन पट्टी असे. तो जोड असतो. दोन्ही मिळून एकच डिस्क असल्यासारखं काम करतात, त्यातलं एक उचललं तर दुसऱ्यावरचा डेटा अर्धवट राहू शकतो. आधी इंटेलच्या ॲपमधून ऑप्टेन ‘डिसेबल’ करायचं, रीस्टार्ट, मगच स्क्रू ड्रायव्हर.

काढलेल्या डिस्कवर लिनक्स होतं? मग स्क्रीनवर ‘ग्रब रेस्क्यू’ दिसेल: ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, पहिला तुकडा उरलेल्या डिस्कवर आहे, बाकीचा काढलेल्या डिस्कसोबत गेला. यूईएफआय मशीनवर बूट मेन्यूतून विंडोज बूट मॅनेजर निवडलं आणि बायोसमध्ये तेच वर आणलं की विषय संपला. उलट, लिनक्स चालू डिस्कवर आणि काढलेली डिस्क नुसती डेटाची असेल, तर बूट होताना दीड मिनिट ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ दिसतं आणि मग इमर्जन्सी मोड. कारण एफएसटॅब या, बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी असलेल्या फाइलमध्ये त्या डिस्कचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) अजून आहे. रूटचा पासवर्ड देऊन आत जा, ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ करा, नॅनो या टेक्स्ट एडिटरमध्ये /ईटीसी/एफएसटॅब उघडून त्या ओळीच्या सुरुवातीला # टाका. डिस्क अधूनमधून जोडणार असाल तर # ऐवजी पर्यायांमध्ये ‘नोफेल’ लिहा.

एसएसडीवर जुन्या डिस्कचा क्लोन (जशीच्या तशी नक्कल) केलेला असेल तर आणखी एक खोच. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून पहिलं बूट केलं, तर एसएसडीवरचं विंडोज स्वतःला डी किंवा ई समजून बसू शकतं. मग हार्ड डिस्क काढली की लॉगिननंतर रिकामा काळा डेस्कटॉप. म्हणून क्लोन संपताच मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा, आणि पहिलं बूट एकट्या एसएसडीवर होऊ द्या. नीट चालतंय याची आठवडाभर खात्री होईपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट न करता कपाटात ठेवा, दमट हवेपासून जपायला सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत.

डिस्क अजून काढायचीच असेल तर तपासणीला दोन मिनिटं लागतात. चालू विंडोजमध्ये डिस्कपार्ट, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’. शेवटच्या ‘इन्फो’ रकान्यात ‘सिस्टिम’ लिहिलेल्या ओळीत बूटलोडर असतो आणि ‘बूट’ लिहिलेल्या ओळीत विंडोज. मायक्रोसॉफ्टने नावं उलटी का ठेवली ते त्यांनाच ठाऊक. ‘सिस्टिम’वाला व्हॉल्यूम सिलेक्ट करून ‘डिटेल व्हॉल्यूम’ दिलं की तो कुठल्या डिस्कवर आहे ते कळतं. काढायच्या डिस्कवर निघाला तर वरची दुरुस्ती आधीच करून टाका. त्याच यादीत ‘पेजफाइल’ (विंडोज जादा मेमरी म्हणून वापरतं ती फाइल) कुठे आहे तेही बघा. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही फोल्डरं डीवर हलवलेली असतील तर त्यांच्या प्रॉपर्टीजमधून सीवर परत आणा. नाहीतर विंडोज सुरू होईल, पण ‘लोकेशन इज नॉट अव्हेलेबल’ म्हणत राहील. आणि मशीन बंद करताना शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा. नेहमीच्या बंद करण्यात फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धं झोपलेलं असतं.

दुकानात द्यायचंच असेल तर "बूट होत नाही" एवढंच सांगू नका. "विंडोज एसएसडीवर आहे, नवीन टाकायचं नाही, ईएफआय पार्टिशन बनवून बीसीडीबूट करून द्या," असं सांगा. समोरच्याला हे कळलं नाही तर डबा उचला, शेजारी दुसरं दुकान आहेच.

राहिली जुनी डिस्क. ती पुढे बॅकअपसाठी यूएसबीवर वापरायची असेल तर तिच्यावरचं ईएफआय पार्टिशन काढून टाकणं बरं, नाहीतर जोडलेली असताना बायोस कधीतरी तिच्यावरूनच बूट करायला जातं. डिस्क मॅनेजमेंट ते पार्टिशन पुसू देत नाही, उजव्या क्लिकमध्ये पर्यायच फिका असतो. डिस्कपार्टमध्ये ती डिस्क सिलेक्ट करून ‘क्लीन’ दिलं की अख्खं पार्टिशन टेबल जातं, त्यावरच्या डेटासकट, आणि ‘नक्की का?’ असंही विचारलं जात नाही. म्हणून ‘क्लीन’च्या आधी ‘डिटेल डिस्क’ द्या आणि वर आलेलं मॉडेलचं नाव डिस्कच्या लेबलशी ताडून बघा.